संगणकाची किल्ली कोणाच्या हाती?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या संगणक-प्रणालीचा सर्वसाधारण आधार तिच्या निर्मात्या कंपनीने काढून घेतला. महानगरांतील मोठ्या कचेऱ्यांना या घटनेची झळ फारशी लागली नाही. जुनी यंत्रे मोडीत काढून नवी घेण्याची त्यांची ऐपत असते. तालुक्याच्या गावातील शाळा, महाविद्यालये, पतसंस्था आणि लहानसहान कचेऱ्या यांची गोष्ट निराळी आहे. तेथील कित्येक यंत्रे धडधाकट असूनही नव्या प्रणालीच्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली घालावी, असा सल्ला आता सर्रास दिला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. लिनक्सला परवान्याचे मूल्य पडत नाही, एवढे सांगून सल्ला देणारा मोकळा होतो. ती प्रणाली बांधून कोण देणार आणि बसवल्यानंतर तिची देखभाल कोण, कोठून व कोणत्या अधिकाराने करणार, हे प्रश्न मागेच राहतात. वास्तविक पाहता खरे प्रश्न तेच आहेत.

फलटणसारख्या गावात यंत्र अडले की पुण्याला फोन जातो. पुण्याचा तंत्रज्ञ खुर्चीतून न उठता शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या यंत्राचा पडदा आपल्या पडद्यावर उघडतो. येथे बसलेल्या लिपिकाच्या डोळ्यांदेखत माउसचा बाण आपोआप हिंडू लागतो, खिडक्या उघडतात व मिटतात, आणि दहा मिनिटांत काम सुरळीत होते. ही सोय मोठी आहे, आणि तिचे कौतुक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मार्गाने तो तंत्रज्ञ आत आला तो मार्ग नंतर बंद झाला काय, त्याच्याजवळच्या किल्लीची नोंद कोणत्या वहीत आहे, आणि त्याने जाता जाता यंत्रावर जे नवे साधन बसवले ते मुळात कोणी बांधले होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तिजोरीच्या किल्लीबाबत हीच कचेरी असा निष्काळजीपणा क्षणभरही चालवून घेणार नाही.

बांधणी म्हणजे काय?

लिनक्सचा गाभा १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला. त्याआधी १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली होती आणि त्यातून पुष्कळशी साधने सिद्ध झाली होती. परंतु गाभा आणि साधने ही सुटी सुटी हाती पडली तर सामान्य माणसाला त्यांचा काडीचाही उपयोग नाही. ती जुळवून, तपासून, एकमेकांशी त्यांचे पटते की नाही ते पाहून, सुलभ रीतीने यंत्रावर बसतील अशा स्वरूपात देणे हे स्वतंत्र कार्य आहे. हे कार्य करणाऱ्या व्यवस्थेला लिनक्सचे ‘वितरण’ म्हणतात. डेबियन हे १९९३ साली सुरू झालेले, आणि आजही जगभरच्या स्वयंसेवकांनी चालविलेले, अशा वितरणांतील एक प्रमुख. जून २०२३ मध्ये त्याची जी आवृत्ती निघाली तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती.

पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमचे नुसते गाठोडे नव्हे. त्यात प्रोग्रॅम असतोच. त्याखेरीज तो चालण्यासाठी आणखी कोणकोणती पॅकेजे आधी हवीत याची यादी असते, कोणती फाइल कोठे ठेवावयाची याचा आदेश असतो, प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद असते आणि बांधणाऱ्याचे नाव असते. ज्या सूचीत पॅकेजांची नोंद असते तिच्यावर वितरणाची सांकेतिक सही असते. त्या सहीवरून घेणाऱ्याच्या यंत्राला ओळखता येते की माल वाटेत कोणी उघडलेला नाही. मूळ लेखकाच्या संहितेत दोष सापडला तर बांधणाऱ्याने तो दुरुस्त करावयाचा आणि स्थिर आवृत्ती न मोडता ती दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचवावयाची, अशी जबाबदारी असते. हे काम दिसत नाही, म्हणून त्याची वाखाणणीही होत नाही.

फलटण परिसराला हा व्यवहार परका वाटण्याचे कारण नाही. बियाण्याच्या क्षेत्रात तो येथे पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा आहे. पैदासकार वाण निर्माण करतो. त्याच्या पिशवीला पिवळी खूणचिठ्ठी असते. त्यापासून पायाभूत बियाणे तयार होते; त्याची चिठ्ठी पांढरी. शेवटी शेतकऱ्याच्या हाती पडते ते प्रमाणित बियाणे निळ्या चिठ्ठीचे असते. शेतकरी पैदासकाराला ओळखत नाही, त्याच्या प्रयोगशाळेत जात नाही. तो विश्वास ठेवतो तो त्या चिठ्ठीवर आणि तिच्यामागील तपासणीवर. मूळ संहितेपासून पॅकेजापर्यंतचा प्रवास नेमका असाच आहे. मूळ लेखक हा पैदासकार, वितरण ही प्रमाणीकरणाची यंत्रणा आणि सही ही खूणचिठ्ठी. खुल्या बाजारात चिठ्ठीविना मिळालेले बियाणे पेरणाऱ्याला गावात शहाणा म्हणत नाहीत. मात्र कोठल्या तरी संकेतस्थळावरून उतरवलेला प्रोग्रॅम थेट कचेरीच्या सर्व्हरवर बसवणाऱ्याला तंत्रज्ञ म्हणतात!

फलटणचीच आणखी एक साक्ष येथे लागू पडते. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापिलेल्या येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळी कोकरे देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी सिद्ध केली. बाहेरून आणलेला गुण जसाच्या तसा न लादता, येथील हवापाण्याला व मेंढपाळाच्या गरजेला मानवेल अशा रीतीने तो रुजवावा लागला. एका वितरणातून दुसरे, स्थानिक गरजांचे वितरण घडवणे हा याच जातीचा उद्योग आहे. सी-डॅकने २००७ साली डेबियनच्या पायावर भारतीय भाषांसाठी उभारलेली ‘बॉस’ ही प्रणाली, किंवा केरळच्या शालेय शिक्षण-यंत्रणेने आपल्या शाळांसाठी बांधून घेतलेले लिनक्स, ही त्याची देशी उदाहरणे होत.

दूरच्या यंत्राची खिडकी

आता दुसरा प्रश्न: दूरच्या यंत्रात शिरावे कसे? सर्व्हर म्हणजे एरवीचाच संगणक, परंतु बहुधा पडदा व कळफलक नसलेला, कोठल्या तरी बंद खोलीत अहोरात्र चालणारा. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग पूर्वापार चालत आले आहेत. पहिला अक्षरांचा, आज्ञा टंकावयाची आणि उत्तर वाचावयाचे. या मार्गावर पूर्वी पासवर्ड उघडाच प्रवास करीत असे. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणी तरी असे पासवर्ड वाटेतच टिपले, तेव्हा तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी १९९५ साली ‘एसएसएच’ नावाची पद्धत रचली. तीत सारे संभाषण कुलूपबंद होऊन जाते आणि पासवर्डाऐवजी सांकेतिक किल्लीच्या जोडीनेही ओळख पटवता येते. जगातील बहुसंख्य लिनक्स सर्व्हरांचा कारभार आज याच दारातून चालतो.

दुसरा मार्ग चित्रांचा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४ साली जन्मलेल्या ‘एक्स’ या खिडकी-व्यवस्थेत आरंभापासूनच अशी योजना होती की प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा व त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर दिसावी. पुढे केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेतून ‘व्हीएनसी’ आले. ते अख्खा पडदाच चित्ररूपाने पाठवते. १९९७ साली ‘वेबमिन’ निघाले. त्याने सर्व्हरचा कारभार ब्राउझरच्या पानावर आणून ठेवला: वापरकर्ता जोडा, डिस्कमधील जागा पाहा, सेवा सुरू वा बंद करा, सारे माउसच्या टिचकीने. अलीकडे ‘कॉकपिट’ नावाचे साधन हेच काम अधिक नेटकेपणाने करते आणि ते मोठ्या वितरणांत पॅकेज म्हणूनच मिळते.

आज्ञा टंकणारे जुने जाणते या चित्रमय साधनांकडे काहीशा तुच्छतेने पाहतात. ही वृत्ती योग्य नव्हे. शाळेतील शिक्षकाने प्रयोगशाळेतील वीस यंत्रे सांभाळावी, लिपिकाने सर्व्हरची जागा भरत आली की नाही ते स्वतः पाहावे, असे वाटत असेल तर त्याला समजेल अशी खिडकी दिलीच पाहिजे. अक्षरांचा मार्ग इंग्रजीतून जातो आणि एका चुकीच्या अक्षराने तो दगा देऊ शकतो. ही भीती खोटी नाही. ज्ञानाचे दार अरुंद ठेवून त्याला पावित्र्य आणण्याची सवय या देशाला जुनी आहे. ती संगणकाच्या क्षेत्रात तरी नव्याने लावून घेऊ नये.

तथापि खिडकीचा एक दोष ध्यानी ठेवावयास हवा. आज्ञा लिहून ठेवता येते, तपासता येते, दुसऱ्याला शिकवता येते. टिचकीची नोंद मात्र सहसा मागे राहत नाही. खिडकीतून काम करणाऱ्याला काय झाले ते दिसते. कसे झाले ते दिसेलच असे नाही. शिवाय सर्व्हरवर जितकी साधने अधिक, तितकी दारे अधिक. पडदा दाखविणारे साधन इंटरनेटच्या रस्त्यावर उघडे ठेवणे म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीत नवे दार पाडून त्याला कडी न लावण्यासारखे आहे.

तीन घटनांचा धडा

बांधणी आणि प्रवेश हे दोन विषय वेगवेगळे भासतात. परंतु गेल्या दोन दशकांतील तीन घटना पाहिल्या म्हणजे ते एकमेकांत किती गुंतलेले आहेत ते कळते.

पहिली घटना डेबियनची. सांकेतिक किल्ल्या बनविणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या साधनाच्या पॅकेजातील काही ओळी २००६ साली बांधणाऱ्याने काढून टाकल्या. स्मृतीच्या वापराची तपासणी करणारे एक साधन त्या ओळींबद्दल तक्रार करीत होते. हेतू स्वच्छतेचा होता. परंतु किल्लीला अनिश्चितता पुरविणाऱ्या त्याच ओळी होत्या. त्या गेल्यावर किल्ली ठरविण्यास जवळजवळ एकच गोष्ट उरली: प्रोग्रॅमचा चालू क्रमांक, जो ३२,७६८ पेक्षा अधिक असू शकत नव्हता. म्हणजे लक्षावधी कुलपांना मोजक्याच किल्ल्या, आणि त्या चोरालाही घरबसल्या करून ठेवता याव्यात अशा! मे २००८ मध्ये हा दोष उघडकीस आला, तेव्हा डेबियनवर व त्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या वितरणांवर घडविलेल्या किल्ल्या बदलाव्या लागल्या. एसएसएचचे दार मजबूत होते. किल्ली मात्र बांधणीत बिघडली होती.

दुसरी घटना वेबमिनची, म्हणजे चित्रमय साधनाची. २०१८ साली कोणी तरी त्याच्या बांधणीच्या यंत्रात शिरून संहितेत एक चोरवाट घातली. सर्वांना पाहता येईल अशा सार्वजनिक भांडारातील संहिता स्वच्छ होती. उतरवून घ्यावयाच्या तयार गाठोड्यात मात्र विष होते. ही लबाडी वर्षभराहून अधिक काळ कोणाच्या ध्यानी आली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये ती जाहीर झाली आणि दुरुस्त आवृत्ती निघाली. सोयीसाठी उघडलेल्या खिडकीतूनच घर लुटले जावे, अशी ही स्थिती होती.

तिसरी घटना सर्वांत बोलकी आहे. ‘एक्सझेड’ हे फाइली आटोपशीर करणारे साधन एकच स्वयंसेवक वर्षानुवर्षे एकहाती सांभाळीत होता. त्याच्यावर कामाचा ताण होता. मदतीला आलेल्या एका अनोळखी सहकाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक काम करून विश्वास संपादन केला आणि २०२४ च्या आरंभी प्रकाशित झालेल्या आवृत्तीत चोरवाट पेरली. पुन्हा तेच: चोरवाट चालू करणारा दुवा सार्वजनिक भांडारात नव्हता, प्रकाशित गाठोड्यात होता. आणि लक्ष्य होते एसएसएच. मूळ एसएसएच हे एक्सझेडला हातही लावीत नाही. परंतु काही वितरणांनी आपल्या सोयीसाठी जी जोडणी केली होती तिच्यामुळे ते साधन दाराच्या आत पोहोचले होते. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला. त्याने छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जगासमोर ठेवले. सुदैवाने ही आवृत्ती डेबियनच्या स्थिर शाखेत पोहोचली नव्हती. ती चाचणीच्या वाफ्यातच होती. नवे बियाणे आधी चाचणीच्या वाफ्यात, मग शेतात, हा शेतकऱ्याचा जुना नियम येथे कामी आला.

या तिन्ही घटनांचे तात्पर्य असे की संहिता उघडी असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. उघड्या संहितेपासून तयार पॅकेजापर्यंतच्या वाटेवर कोणाची तरी नजर असावी लागते. ती नजर पैशाने विकत मिळत नाही; ती माणसे तयार करावी लागतात. म्हणूनच आता वेगवेगळ्या ठिकाणी तीच संहिता बांधली असता अक्षरशः तेच पॅकेज निघते की नाही, हे पडताळून पाहण्याचा उद्योग डेबियन व इतर वितरणांत चालू आहे. ज्याला वाटेल त्याने घरी बसून ताळा करून पाहावा, अशी ही व्यवस्था. हिशेबनीस ज्याला ताळेबंद म्हणतो त्याच्याशी तिचे नाते आहे.

मराठीचा वाटा

हा प्रश्न सुरक्षिततेपुरता नाही, भाषेचाही आहे. युनिकोडपूर्व काळात मराठी मजकूर एका कचेरीतून दुसरीत पाठवला की तेथे तो अगम्य चिन्हांचा ढीग होऊन पोहोचे. कारण ज्या फॉन्टवर तो अवलंबून होता तो तेथे नसे. लिपिकवर्गाने हा ताप वर्षानुवर्षे सोसला आहे. पॅकेजांच्या भाषेत बोलावयाचे तर ते अवलंबनाची नोंद नसल्याचे फळ होते. युनिकोडने अक्षरांचे क्रमांक निश्चित केले, परंतु अक्षर पडद्यावर येण्यासाठी फॉन्ट लागतो, टंकण्यासाठी कळफलकाची रचना लागते, शुद्धलेखन तपासण्यासाठी शब्दकोश लागतो आणि आज्ञांचे अनुवाद लागतात. यांतील प्रत्येक वस्तू कोणी तरी पॅकेजात बांधलेली असते, म्हणूनच ती यंत्रावर आपोआप येते.

पुण्यात या कामाचा मोठा भाग झाला आहे. सी-डॅक ही संस्था १९८८ साली तेथेच उभी राहिली आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात तिने पायाभूत काम केले. ‘रेड हॅट’ या लिनक्स कंपनीच्या पुण्यातील मंडळींनी भारतीय भाषांतील अनुवादांचे व ‘लोहित’ या मुक्त फॉन्टमालिकेचे काम पुढे नेले. तीत मराठीसाठी स्वतंत्र फॉन्ट आहे. डेबियन बसविताना मराठी भाषा निवडली तर लागणारी पॅकेजे एकत्र आणून देणारे एक पॅकेजही आहे. परंतु अशा कामाला शेवट नसतो. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली की अनुवाद मागे पडतात. ‘दऱ्याखोऱ्या’तील अर्धा ऱ नव्या साधनात नीट उमटतो की नाही हे मराठी जाणणाऱ्यानेच पाहावे लागते, मराठी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ यांची काळजी न्यूयॉर्कचा किंवा बर्लिनचा स्वयंसेवक वाहणार नाही. ज्या पॅकेजाला वाली उरत नाही ते वितरणात ‘अनाथ’ म्हणून नोंदले जाते आणि फार काळ कोणी दत्तक न घेतल्यास प्रसंगी बाहेर पडते. मराठी राजभाषा आहे, अभिजातही आहे. संगणकात ती टिकते ती मात्र असे पॅकेज सांभाळणाऱ्या चारदोन माणसांच्या चिकाटीवर. ही लाजिरवाणी गोष्ट जितक्या लवकर उमजेल तितके बरे.

आक्षेप व उत्तर

यावर कोणी म्हणेल की हे काम बंगलोरच्या व पुण्याच्या अभियंत्यांचे. फलटणच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे? लहान गावात चालविणारे लोक असले म्हणजे पुरे, घडविणारे हवेत कशाला? हा आक्षेप वरकरणी व्यवहारी आहे, परंतु या गावाचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. करडईचे काटेविरहित वाण फलटणमध्ये घडले. अमेरिकेत जन्मलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी मराठीच्या अभ्यासासाठी येऊन याच गावाला आपले मानले आणि १९८४ मध्ये येथे प्रगत शिक्षण संस्था उभी केली. मातृभाषेतून वाचन-लेखन कसे शिकवावे याचे जे प्रयोग तेथे झाले ते पाहावयास बाहेरचे लोक येतात. मूलभूत काम करण्यासाठी महानगरात असावे लागते, ही समजूत फलटणने एकदा नव्हे, दोनदा खोटी पाडली आहे.

पॅकेज बांधण्यास तर शेत लागत नाही, इमारतही लागत नाही. एक मध्यम संगणक, इंटरनेटची जोडणी, इंग्रजी कागदपत्र वाचण्याची तयारी आणि काटेकोरपणाची सवय एवढे भांडवल पुरते. जगभरची मंडळी हे काम दुरूनच करतात; त्यांच्यापैकी कित्येकांनी एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नसते. दूरस्थ प्रवेशाच्या ज्या तंत्राने पुण्याचा तंत्रज्ञ फलटणच्या यंत्रात शिरतो, त्याच तंत्राने फलटणचा विद्यार्थी जगातील कोणत्याही सर्व्हरवर काम करू शकतो. रस्ता दुहेरी आहे. आजवर त्यावरून एकाच बाजूची वाहतूक झाली, एवढेच.

केंद्र शासनाने २०१५ साली मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. केरळने त्याच्याही पूर्वी आपल्या शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या, आणि शिक्षकांनाच ती बसविण्याचे व सांभाळण्याचे शिक्षण दिले. महाराष्ट्रात २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटीने लक्षावधी लोकांच्या मनातील संगणकाची भीती घालविली, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु ते वापराचे शिक्षण होते. वापरणारा आणि सांभाळणारा यांत जे अंतर आहे ते ओलांडण्याची शिडी अजून बहुतेक ठिकाणी लावलेली नाही.

करावयाचे काय?

उपाय अवजड नाहीत. महाविद्यालयांनी संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाच्या नावाखाली तेच ते ग्रंथालयाचे किंवा वसतिगृहाचे प्रोग्रॅम लिहून घेण्याऐवजी प्रत्येक गटाला एक खरे पॅकेज दत्तक द्यावे. मराठी शब्दकोश असो, फॉन्ट असो किंवा शाळेला लागणारे एखादे साधन असो. ते नियमानुसार बांधावे, वितरणाच्या कसोटीला उतरवावे आणि पुढच्या वर्षीच्या गटाकडे सोपवावे. त्यातून विद्यार्थ्याला जी शिस्त लागेल ती कोणत्याही प्रश्नपत्रिकेने लागणार नाही. आणि त्याच्या नावाची नोंद त्या पॅकेजाच्या बदलसूचीत राहील.

कचेऱ्यांनी करावयाचे ते आणखी सोपे आहे, कारण त्यांच्या दप्तरी परंपरेत ते आधीच आहे. बदली झालेला लिपिक चार्ज देताना कपाटांच्या किल्ल्यांची यादी करून सह्या घेतो. तशीच यादी सर्व्हरच्या किल्ल्यांची असावी. दूरचा तंत्रज्ञ सर्वांच्या सामाईक पासवर्डाने आत न येता स्वतःच्या नावाच्या किल्लीने यावा. काम संपले किंवा करार संपला की ती किल्ली रद्द व्हावी आणि तशी नोंद व्हावी. चित्रमय साधन जरूर वापरावे, मात्र ते वितरणाच्या अधिकृत भांडारातील असावे, आणि त्याची खिडकी थेट रस्त्यावर न उघडता एसएसएचच्या कुलूपबंद वाटेआड ठेवावी. सुरक्षिततेच्या दुरुस्त्या नियमाने चढवाव्यात. मुख्य म्हणजे ठेकेदाराशी करार करताना सर्व्हरची सर्वोच्च किल्ली व माहितीची एक प्रत संस्थेच्या ताब्यात राहील असे कलम असावे. बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागून असतात आणि त्यात कोणाचा अपमान मानला जात नाही. येथेही तो मानण्याचे कारण नाही.

शिक्षकांवर या सर्वांत अधिक भार पडेल, हे उघड आहे. आधीच नाना कामांनी वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक ओझे लादणे अन्यायाचे होईल. म्हणून हे काम वेळापत्रकात आणि वेतनात धरले गेले पाहिजे. उत्साहाच्या भरवशावर ते सोडता कामा नये. एक्सझेडच्या प्रकरणाने हेही शिकविले आहे की एकट्या, थकलेल्या माणसावर सर्वांनी भार टाकला म्हणजे त्याच्या मदतीला कोण येईल याचा नेम नसतो.

लिनक्स फुकट मिळते हे त्याचे खरे मोल नाही. ते उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते आणि आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा बांधता येते, हे खरे मोल होय. हा अधिकार वापरणारी माणसे गावात नसतील तर मुक्त प्रणाली आणि बंद प्रणाली यांत गावाच्या दृष्टीने फरक एवढाच राहील की एकीचे बिल येते व दुसरीचे येत नाही. किल्ली दोन्ही वेळा परक्याच्याच खिशात असेल. ती परत मागण्याची पात्रता अंगी आणणे हे काम शासनाच्या एखाद्या परिपत्रकाने होणारे नाही. ते वर्गातच सुरू व्हावे लागेल.